दीडशेत एक, बारात एक

कोकण रेल्वेचा रूळ दीडशे मीटर पुढे जातो तेव्हा जास्तीत जास्त एक मीटर चढतो. रोह्यापासून मंगळुरूजवळच्या ठोकूरपर्यंत ७४१ किलोमीटर. वाटेत सह्याद्रीच्या सोंडा, खाड्या, दऱ्या. तरी चढ याहून कडक होऊ द्यायचा नाही असं आखणी करणाऱ्यांनी ठरवलं. डोंगर आडवा आला की बोगदा, दरी आली की पूल. २६ जानेवारी १९९८ला हा मार्ग सलग खुला झाला, तेव्हा आम्ही कणकवलीकरांनी बोगद्यांचं आणि पुलांचं तोंड भरून कौतुक केलं. त्या दीडशेत एककडे मात्र कुणाचं लक्ष गेलं नाही. खरं तर बोगदे आणि पूल त्याच्यापायी आलेत.

एवढा हट्ट कशाला? आमचा फोंडाघाट एसटी दुसऱ्या गिअरमध्ये चढून जाते, मग रेल्वेला काय झालं? कारण रेल्वेचं चाक लोखंडी आणि रूळही लोखंडी. सपाटीवर ही जोडी इतकी कमी घासते की हजार टनांची गाडी किरकोळ जोरात धावते. पण घर्षण कमी म्हणजे पकडही कमी. जरा चढ आला की गाडीचं वजन मागे ओढू लागतं. हजार टनांच्या गाडीला दीडशेत एक चढावर नुसत्या चढासाठी सुमारे ६.७ टनांचा जोर जास्तीचा लागतो. हाच चढ पंधरात एक केला तर जोर दहापट, आणि इंजिनाची चाकं जागच्या जागी फिरत बसतील.

आता दुसरा आकडा. व्हीलचेअरसाठी रॅम्प बांधायचा तर बारात एक, हे जगभर रुळलेलं माप आहे आणि आपल्याकडच्या सरकारी मार्गदर्शक सूचनांतही तेच आहे. एक सेंटीमीटर चढायला बारा सेंटीमीटर लांबी. आमचे तात्या ६२ किलोचे, त्यांची खुर्ची १८ किलोची, मिळून ८०. बारात एक उतारावर त्यांना वर न्यायला किती जोर लागतो? ८० भागिले १२. सुमारे ६.७ किलो.

हजार टनांची गाडी आणि तात्या. एकाला ६.७ टन, दुसऱ्याला ६.७ किलो. हा आकड्यांचा निव्वळ योगायोग आहे हे मला कळतं. तरी तो वहीत मांडून पाहिल्यावर मी बराच वेळ खूश होतो.

तात्या म्हणजे माझ्या वडिलांचे धाकटे भाऊ. कणकवलीच्या एसटी कार्यशाळेत मेकॅनिक म्हणून नोकरी झाली. मधुमेहाने उजवा पाय गुडघ्याखालून गेला. दुसरा पाय शाबूत आहे, हात दणकट आहेत, आणि चाक असलेल्या कोणत्याही वस्तूबद्दल त्यांचं मत ठाम असतं. खुर्ची घरी आली त्या दिवशी त्यांनी ती उलटी करून पुढच्या चाकांचे बेअरिंग तपासले होते. सीटखाली पोलादी नळ्यांची फुली असते, जिच्यामुळे खुर्ची बाजूंनी मिटून गाडीच्या डिकीत जाते, ती त्यांना फार आवडली. ही फुलीची युक्ती १९३०च्या दशकात अमेरिकेत हर्बर्ट एव्हरेस्ट आणि हॅरी जेनिंग्ज या दोन अभियंता मित्रांनी बाजारात आणली. एव्हरेस्ट खाणीतल्या अपघाताने स्वतःच अपंग झाला होता आणि त्याला आपली खुर्ची मोटारीत घालून न्यायची होती. गरज त्याचीच आणि हातही त्याचेच. अशा वेळी वस्तू नीट बनते.

तात्यांना जुने गोवे पाहायचं होतं. गोव्यात ते आयुष्यभर गेले, पण बंद पडलेल्या एसटी आणायला. ‘थयसर कधी उतराकच गावला नाय,’ म्हणाले. पोर्तुगीजांत एक म्हण होती, ज्याने गोवा पाहिला त्याला लिस्बन पाहायची गरज नाही. सोळाव्या शतकातलं हे युरोपीय शहर आमच्यापासून शंभरेक किलोमीटरवर. करमळीला उतरलं की आलंच.

पहिली अडचण आली ती गाडीत चढताना. रेल्वेचा उंचातला उंच फलाट रुळापासून ८४ सेंटीमीटर असतो. डब्याची जमीन साधारण सव्वा मीटरवर. उरले चाळीस सेंटीमीटर. बारात एकच्या हिशेबाने त्याला जवळजवळ पाच मीटरचा रॅम्प लागेल, म्हणजे तो फलाटाची बरीचशी रुंदी खाऊन टाकेल. म्हणून माणसं माणसाला उचलतात. दिव्यांगांसाठीच्या डब्याचं दार रुंद असतं, आत खुर्ची वळते, धरायला दांडे असतात. पण ते चाळीस सेंटीमीटर तिथेही असतातच. तात्या दांडा धरून एका पायावर वर गेले, मागून मी आणि एका हमालाने खुर्ची चढवली. मला त्या क्षणी जी गंमत वाटली ती सांगतो. सह्याद्री पोखरून ज्या गाडीने दीडशेत एक सांभाळला, ती शेवटी उडी मारायला लावते, आणि तीही माणूस आणि गाडी भेटतात त्याच जागी.

पेडण्याचा बोगदा आला तेव्हा तात्यांनी खिडकीतून मान आत घेतली नाही. दीड किलोमीटरचा हा बोगदा कोकण रेल्वेचं सगळ्यात मोठं दुखणं होतं. इथे कातळ नाही, पाण्याने भिजलेली मऊ माती आहे. खणावं तेवढं वरून खाली येई. त्यात माणसं दगावली, वर्षं गेली. वळसा किंवा चढ घेऊन तो टाळता आला नसता का, असं वाटतं. पण तोच तर दीडशेत एकचा जाच.

थिवी गेलं, मांडवी ओलांडली, करमळी.

जुन्या गोव्याची गोष्ट सांगताना सगळे आफोंसो द आल्बुकर्कपासून सुरुवात करतात. २५ नोव्हेंबर १५१०, सेंट कॅथरीनच्या सणाच्या दिवशी त्याने आदिलशहाकडून शहर घेतलं, म्हणून इथलं कॅथेड्रल सेंट कॅथरीनच्या नावाचं. (सिंधुदुर्ग किल्ल्याची पायाभरणी २५ नोव्हेंबर १६६४ची. निव्वळ योगायोग.) पण मला त्या दिवशी सुरुवात दुसऱ्याच माणसापासून करावीशी वाटत होती, कारण त्याची गोष्ट तात्यांना सांगायला मी टपून बसलो होतो.

१५८० साली पोर्तुगालचं राजघराणं वारसाविना संपलं आणि तो मुकुट स्पेनच्या दुसऱ्या फिलिपकडे गेला. पुढची साठ वर्षं पोर्तुगाल, आणि म्हणून गोवाही, स्पेनच्या राजांच्या छत्राखाली. या फिलिपला संधिवाताने, म्हणजे ज्याला आपण गाऊट म्हणतो त्याने, इतकं ग्रासलं होतं की म्हातारपणी त्याला चालता येईना. १५९५च्या सुमारास त्याच्यासाठी एक खुर्ची बनवली गेली. तिला चार लहान चाकं होती. पाठ मागे कलायची, पाय ठेवायची फळी वर-खाली व्हायची, गादीत घोड्याचे केस भरलेले. राजाचा फ्लेमिश सेवक जाँ लेर्मित याने तिचं चित्र आपल्या आठवणींच्या वहीत काढून ठेवलं, म्हणून ती आज आपल्याला माहीत आहे. त्या चित्रात राजा पाय लांब करून निवांत बसलेला आहे.

आणि १५९४ साली जुन्या गोव्यात बॉम जेझुस बॅसिलिकाचं काम सुरू झालं.

म्हणजे ज्या देवळापुढे आम्ही खुर्ची घेऊन उभे होतो, त्याच्या भिंती चढत होत्या तेव्हा या गावाचा धनी स्वतः चाकांच्या खुर्चीत बसून अर्ध्या जगाचे कागद वाचत होता. मी हे तात्यांना सांगितलं. त्यांनी मोबाइलवर ते चित्र मोठं करकरून पाहिलं आणि म्हणाले, ‘राजाक मेकॅनिक बरो गावलो. पण चाकां बारकी. ही खुर्ची दिवाणखान्याभायर जावची नाय.’

बरोबर होतं. ती खुर्ची ढकलायला नोकर होते, आणि बाहेर जायचं असलं तर उचलायला अजून नोकर. आपल्या हाताने चालवायची खुर्ची पुढे १६५५मध्ये न्युरेम्बर्गच्या श्टेफान फार्फ्लर नावाच्या घड्याळजीने बनवली. त्याचेही पाय लहानपणापासून निकामी होते. तीन चाकं, पुढच्या चाकाला दातेरी चक्र आणि हाताने फिरवायचा दांडा. पुन्हा तेच: गरज ज्याची, हात त्याचेच.

फिलिपच्या काळातलं गोवे तर याहून मजेशीर. १५८३ ते १५८८ या काळात यान हाउखेन फान लिन्सखोटेन नावाचा एक तरुण डच माणूस इथल्या आर्चबिशपकडे चिटणीस होता. त्याने सगळं टिपून ठेवलं: समुद्रमार्ग, बाजारभाव, फळं, माणसं. १५९६मध्ये त्याचा ग्रंथ ॲमस्टरडॅममध्ये छापला गेला आणि पोर्तुगीजांनी शंभर वर्षं झाकून ठेवलेली गुपितं चव्हाट्यावर आली. त्यातल्या चित्रांत गोव्याचे पोर्तुगीज धनिक रस्त्याने जाताना दिसतात. कसे जातात? पालखीत आडवे पडून. वर छत्री धरलेली, पुढे-मागे चाकर. बायका झाकलेल्या पालखीत. धडधाकट माणसं ही! या शहराच्या ऐन वैभवाच्या काळात पायी चालणं हे गरिबाचं लक्षण होतं, आणि ज्याच्याकडे पैसा होता तो पालखीत किंवा घोड्यावर. वारी, मिरवणूक, दरबार, सगळं उचलून नेलेल्या माणसांनी पाहिलं. शहर पाहायला पाय लागतात ही समजूत अगदी अलीकडची आहे. भोयांची मजुरी परवडेनाशी झाली तेव्हाची.

आजारी माणसालाही हे शहर तुच्छ लेखत नव्हतं. फ्रान्स्वा पिरार्द द लाव्हाल हा फ्रेंच खलाशी जहाज फुटून, कैद भोगून १६०८मध्ये आजारी अवस्थेत इथे पोचला, तेव्हा त्याला इथल्या राजेशाही इस्पितळात टाकलं. त्याने त्या इस्पितळाचं जे वर्णन केलंय ते वाचून आजही हेवा वाटतो. रुग्णांना जेवण चिनी मातीच्या भांड्यांतून वाढत. (हे सुख युरोपीय रुग्णांपुरतं होतं, हे विसरून चालणार नाही.) त्या इस्पितळाची आज भिंतही दिसत नाही.

बॅसिलिकाचा दर्शनी भाग जांभ्याचा. एकेकाळी चुन्याच्या गिलाव्याने झाकलेला होता, १९५०च्या दशकात एका पोर्तुगीज जीर्णोद्धारकाने तो काढला आणि आतला लाल दगड उघडा पडला. आमच्या घराच्या जोत्याला लागलाय तोच. नक्षीचे काळे दगड मात्र बेसाल्टचे, ते वसईहून जहाजाने आणलेले. जांभ्यात बारीक कोरीवकाम टिकत नाही, हे कोकणातल्या कुठल्याही गवंड्याला विचारा.

आणि दाराशी पायऱ्या.

पायऱ्या असतात कशाला, हा प्रश्न मी आयुष्यात प्रथमच मन लावून विचारला. किल्ल्याच्या पायऱ्या शत्रूसाठी असतात: उंची कमी-जास्त, वाट वळणाची, धावत येणारा अडखळला पाहिजे. पण देवळाच्या, घराच्या पायऱ्या? आपल्या किनाऱ्यावर वर्षाला तीन मीटरच्या आसपास पाऊस कोसळतो. जमिनीलगत उंबरठा ठेवला तर जूनमध्येच पाणी आत. म्हणून जोतं उंच. आमच्या घराला तीन पायऱ्या आहेत त्याच कारणाने बॅसिलिकालाही आहेत, भव्यता वगैरे नंतर. खुर्ची अडवणाऱ्या त्या सहा इंचांच्या मागे कुणाचा दुष्टपणा नाही, मृगाचा पाऊस आहे.

आता खुर्ची अडते ती नेमकी कशी? खुर्चीची मागची चाकं मोठी, साधारण साठ सेंटीमीटर व्यासाची. पुढची छोटी, वीसेक सेंटीमीटरची, कुठेही वळणारी. चाक अडथळ्यावर चढतं ते त्याच्या कडेवर टेकून, वर गोल फिरून. अडथळा चाकाच्या आसापेक्षा, म्हणजे मधल्या दांड्यापेक्षा उंच असेल तर नुसतं पुढे ढकलून ते चढणारच नाही, हत्ती लावला तरी. छोट्या चाकाचा आस जमिनीपासून दहा सेंटीमीटरवर, पायरी पंधरा सेंटीमीटरची. संपलं. आणि पाच सेंटीमीटरचा नुसता उंबरठा असला तरी? गणित केलं तर छोट्या चाकाला त्यावरच्या भाराच्या पावणेदोनपट जोर लागतो, मोठ्याला भाराच्या दोन तृतीयांश. एकच उंबरठा, पण अडीचपटीहून जास्त फरक, फक्त चाकाच्या आकाराने.

मला हे कागदावर कळलं. तात्यांना तसं नाही. मी खुर्ची सरळ पायरीला भिडवली तेव्हा त्यांनी हात वर केला. ‘उलटी घे. एसटी डेपोत रिव्हर्स घेतत तशी. मोठा चाक आधी चढांदे.’ मी वर उभा राहून खुर्ची मागे कलती करून ओढायची, खालून एकाने पावलाच्या पट्टीजवळची नळी धरून उचलायची. मोठी चाकं पायरीवरून अलगद वर आली. छोटी चाकं त्या वेळी हवेतच होती, त्यांना विचारतो कोण. काही दारांशी रॅम्प असतात, काही ठिकाणी नसतात. कुठल्या दाराशी आहे ते आधी पहारेकऱ्याला विचारावं, कारण रॅम्प बहुधा दर्शनी बाजूला नसून कडेला असतो आणि पाटी सगळ्यांनाच दिसते असं नाही.

उतार जोर कमी का करतो, हे नुसत्या एका माळेने सिद्ध कुणी केलं ठाऊक आहे? सायमन स्टेव्हिन नावाच्या फ्लेमिश गणितज्ञाने, आणि केव्हा, तर १५८६मध्ये. म्हणजे लिन्सखोटेन गोव्यात बसून पालख्यांची टिपणं काढत होता तेव्हाच. स्टेव्हिनची युक्ती इतकी देखणी आहे की ती सांगितल्याशिवाय मला पुढे जाववत नाही. एक त्रिकोणी ठोकळा घ्या, सपाट तळाचा. त्याची एक उतरती बाजू दुसरीच्या दुप्पट लांब. त्याच्याभोवती सारख्या चौदा मण्यांची बंद माळ टाका. लांब बाजूवर चार मणी, आखूड बाजूवर दोन, उरलेले आठ खाली झोळ घालून लोंबतात. माळ आपोआप फिरेल का? फिरली असं धरा. एक मणी सरकला की त्याच्या जागी दुसरा येतो, चित्र जसंच्या तसं. म्हणजे ती थांबायला कारणच नाही, कायम फिरत राहील. असलं फुकटचं फिरणं जगात नसतं, म्हणून माळ मुळात हलणारच नाही. आता खालचा झोळ कापून टाका. तो दोन्ही बाजूंना सारखाच ओढत होता, त्यामुळे काही बिघडत नाही. उरलं काय? लांब उतारावरचे चार मणी आखूड उतारावरच्या दोन मण्यांना तोलून आहेत. उतार दुप्पट लांब केलात तर तेवढ्याच जोरात दुप्पट वजन पेलतं. ना प्रयोग, ना तराजू; नुसती एक माळ आणि विचार. बारात एकचं सगळं शास्त्र त्या माळेत आहे.

आत गेल्यावर खुर्चीला काही अडचण राहिली नाही, आणि याचंही कारण आहे. चर्चच्या आत मिरवणुका निघतात, शवपेट्या येतात, शेकडो माणसं एकदम गुडघे टेकतात. दारापासून वेदीच्या पायथ्यापर्यंत जमीन सलग असावी लागते. संत फ्रान्सिस झेवियरचं शव इथे आहे. १५५२मध्ये चीनच्या किनाऱ्याजवळच्या बेटावर तो वारला, तिथून ते मलाक्कामार्गे गोव्याला आलं. चांदीची पेटी गोव्याच्याच कारागिरांनी सतराव्या शतकात घडवली. तिच्याखालचा संगमरवरी चौथरा टस्कनीच्या तिसऱ्या कोसिमोने पाठवला, फ्लोरेन्सचा शिल्पकार फोज्जिनी त्यावर दहा वर्षं राबला होता, आणि १६९८मध्ये तो इथे जोडून उभा केला. पेटी इतकी उंचावर की उभा माणूसही मान वर करूनच पाहतो. मी तात्यांच्या शेजारी वाकून त्यांच्या नजरेतून पाहिलं, मग उभा राहून पाहिलं. फरक नाही. सोनेरी वेदीचंही तेच. ही कला रचली गेलीय ती खालून वर पाहणाऱ्यासाठी. संग्रहालयातली काचेची कपाटं उभ्या माणसाच्या डोळ्यांच्या बेताने बसवलेली असतात आणि खुर्चीतल्या माणसाला काचेवर पडलेला दिव्याचा उजेड तेवढा दिसतो. तीन-चारशे वर्षांपूर्वीच्या कारागिरांकडून अशी चूक झालेली नाही.

पलीकडच्या सेंट फ्रान्सिस ऑफ असिसीच्या चर्चमध्ये तर तात्या माझ्यापेक्षा फायद्यात होते. तिथली फरशी म्हणजे थडग्यांचे दगड: घराण्यांची चिन्हं, अक्षरं, झिजलेली नावं. मला वाकावं लागत होतं. ते गुडघ्यांवर कोपर टेकून एकेक अक्षर लावत होते, पोर्तुगीज येत नसताना. चाक कोरीव दगडावरून गेलं की खुर्ची खडखडते, म्हणून आम्ही कडेच्या सपाट पट्टीने फिरलो. माणसांच्या नावांवरून चाक नको, असंही वाटलं असेल.

से कॅथेड्रल मी भराभर सांगतो, कारण त्याच्याबद्दल सगळीकडे लिहिलेलं असतं: सुमारे ७६ मीटर लांब, १५६२मध्ये सुरुवात, एक मनोरा १७७६मध्ये कोसळला तो पुन्हा बांधलाच नाही, म्हणून ते कायम एकांगी दिसतं. तात्यांना ते अपुरेपण आवडलं. ते काय म्हणाले ते मी लिहीत नाही, त्यांनी स्वतःच्या पायाकडे बघून म्हटलं होतं.

मुख्य चर्च ज्या पट्ट्यात आहेत तो बराच सपाट आहे, आणि इथे ती पोर्तुगीज म्हण खुर्चीवाल्यांच्या बाबतीत शब्दशः खरी ठरते. खरं लिस्बन म्हणजे टेकड्यांवर टेकड्या, आणि पदपथ चुनखडीच्या हातभर नव्हे, बोटभर दगडांचे, पावसात निसरडे. तिथले चढ धडधाकट लोकांनाच इतके जड गेले की १८८४पासून त्यांनी उतारावर दोरखंडाने ओढायच्या ट्राम बसवल्या आणि १९०२मध्ये भर शहरात ४५ मीटर उंचीची सांता जुस्ताची लोखंडी लिफ्ट उभारली: खालच्या रस्त्यावरून वरच्या रस्त्यावर. आज तिच्यापुढे पर्यटकांची रांग असते. तेव्हा ‘सोय’ म्हणून केलेली गोष्ट शंभर वर्षांनी ‘स्थळ’ झाली. दिल्लीत याच्या उलट झालं, स्थळाला सोय मिळाली. जानेवारी २००१मध्ये व्हीलचेअरवरून वावरणारे शास्त्रज्ञ स्टीफन हॉकिंग आले, त्यांना कुतुबमिनार, हुमायूनची कबर पाहायची होती, आणि जावेद अबिदी यांच्यासारख्या कार्यकर्त्यांनी पुरातत्त्व खात्यामागे तगादा लावला. लाकडी रॅम्प टाकले गेले. शेकडो वर्षांच्या वास्तूला सुतार थोड्या वेळात काय करू शकतो, ते तेव्हा सगळ्यांना दिसलं. २०१६च्या दिव्यांग हक्क कायद्यानंतर तर सार्वजनिक ठिकाणी अशी सोय करणं हे उपकारात मोडत नाही.

सगळंच काही जमलं असं नाही. टेकडीवरचं अवर लेडी ऑफ द माउंट हे चॅपल आम्ही सोडलं. सेंट ऑगस्टीनचा ४६ मीटरचा उरलेला मनोरा आम्ही उतारावरच्या रस्त्यावरून पाहिला. मोबाइलमध्ये चढ मोजायची सोय असते. बारात एक म्हणजे पावणेपाच अंश. आकडा आठच्या वर गेला की तात्या ब्रेक लावत आणि ‘फुडे तू जा, फोटो काड’ म्हणत.

आणि मग दिवसभरातली खरी करामत, जिच्याकडे पाहायला कुणी तिकीट काढत नाही. व्हाइसरॉयची कमान ओलांडली, तिच्यावर वास्को द गामाचा पुतळा आहे आणि ती उभारली त्याच्या पणतूने, तिथून रस्ता सरळ मांडवीत उतरतो. शब्दशः पाण्यात. तो दिवाडीच्या फेरीबोटीचा धक्का. भरतीला पाणी वर येतं, ओहोटीला खाली जातं, मग बोट नेमकी कुठे लागायची? कुठेही. काँक्रीटचा उतार पाण्याखालीही पुढे गेलेला असतो. पाणी जिथे असेल तिथे बोट नाक टेकवते आणि पुढची लोखंडी फळी उताराच्या अंगावर पाडते. स्कूटर, ट्रक, माशांच्या टोपल्या, तात्या, सगळे एकाच वाटेने, एकही पायरी न चढता आत. ही सोय अपंगांसाठी कुणी केलेली नाही. चाकं असलेल्या प्रत्येकासाठी केलेली आहे, आणि तात्यांना चाकं आहेत. त्या उतारावर पाठीमागून धरून उलटं उतरावं, ओल्या शेवाळावर चाक घसरतं, एवढं सांभाळलं की झालं.

दिवाडीला जाऊन त्याच बोटीने परत आलो. परतीच्या गाडीत तात्या गप्प होते ते दमल्यामुळे नव्हे, हिशेब चालू होता. कुडाळ गेल्यावर तो बाहेर आला. आता सिंधुदुर्ग. मालवणच्या धक्क्यावरून होडी, समोर कुरटे बेट, महाराजांचा किल्ला, १६६७मध्ये पुरा झालेला. पन्नास वर्षं मालवणात जाऊन-येऊन आहेत, पाय होता तेव्हा किल्ला ‘नंतर बघू’ म्हणून राहिला.

पण हा किल्ला म्हणजे जुने गोवे नाही. तो बांधलाच मुळी कुणाला सहज आत येता येऊ नये म्हणून. दरवाजा तटाच्या वळणात असा लपवलाय की समुद्रातून दिसू नये. आत पायऱ्या, चढ, वाळू. होडीला पुढे पडणारी फळी नाही, काठावरून पाय टाकूनच उतरायचं. होडीचा काठ धक्क्यापेक्षा साठ सेंटीमीटर खाली असला तर बारात एकने सव्वासात मीटरची फळी.

‘एवढी लांब फळी घेवन जातलस खय?’ तात्या म्हणाले.

मग फळी लहान करायची तर फरक कमी करायला हवा, आणि तो समुद्र स्वतः करतो. मालवणला अमावास्या-पौर्णिमेच्या आसपास पाणी दोन मीटरच्या आसपास चढतं-उतरतं. पूर्ण भरतीला होडी धक्क्याच्या कडेशी येते. फेरीबोटीचा धक्का भरतीची पर्वा करत नाही, आपल्याला भरती पाळावी लागेल, एवढाच फरक. भरतीची वेळ काढायला किनाऱ्यावरच्या लोकांचा जुना हिशेब आहे: तिथीची पाऊणपट. चतुर्थी असेल तर चार गुणिले पाऊण, तीनच्या सुमारास. पंचमी असेल तर पावणेचार. पण मग किल्ला पाहून परतेपर्यंत पाणी उतरलेलं असणार आणि होडीही शेवटची. तृतीयेला सव्वादोन, उन्हाचा त्रास. द्वितीयेला दीड.

कणकवली यायच्या आत तृतीया ठरली होती. टोपी घ्यायची, उतरण्यासाठी दोन दणकट पोरगे लागतील ते तात्यांच्या जुन्या कार्यशाळेतले बघायचे, आणि पुढच्या छोट्या चाकांच्या जागी वाळूत रुतणार नाहीत अशी रुंद चाकं बसतात का ते त्यांनी स्वतः बघायचं. त्यांनी माझ्याकडून खुर्चीच्या आसाचं माप मिलिमीटरमध्ये मागून घेतलं.